बिबट मादीच्या गर्भाशयाचाही पंचनामा हवा

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर

विषय : जुन्नर वनविभागातील बिबट माद्यांचे गर्भनिरोधन आणि त्यांच्या गर्भाशयाची तपासणी

महोदय,

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले आणि वृद्ध दगावले. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला. त्यानंतर लवकरच जुन्नर वनविभागात पाच बिबट माद्यांवर प्रायोगिक गर्भनिरोधन करायला केंद्राने मान्यता दिल्याच्या बातम्या आल्या. दिवस मावळला की पोराला अंगणात सोडायची धास्ती वाटणाऱ्या आईबापांना असा कोणताही उपाय उशिरा आलेलाच वाटणार, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

तेव्हापासून चर्चा चालली आहे ती किती माद्या, किती खर्च आणि फरक कधी दिसणार याची. ज्या अवयवावर हा सारा प्रयोग होणार, त्या गर्भाशयाचे पुढे काय होते, हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही. प्रश्न हळव्या प्राणिप्रेमाचा वाटेल. आहे मात्र कोरडा, तांत्रिक. मार्जारकुळातल्या मादीला पिल्ले होऊ नयेत म्हणून माणूस गेली पन्नास वर्षे औषधे वापरतो आहे, आणि त्यातल्या अनेक औषधांची किंमत तिच्या गर्भाशयाने मोजली आहे. घरातल्या मांजरीच्या आणि प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीच्या बाबतीत ही किंमत कळायला वर्षे लागली, कारण मेलेल्या मादीचे पोट कुणी त्या नजरेने पाहतच नव्हते. या पत्राचा जुन्नरच्या प्रकल्पाला विरोध नाही. पहिली मादी बेशुद्ध करण्याआधी हा इतिहास आपल्या टेबलावर असावा आणि प्रकल्पाच्या आराखड्यात गर्भाशयाच्या तपासणीला जागा मिळावी, एवढेच मागणे आहे.

सुरुवात घरच्या मांजरीपासून करू. गाय-म्हैस माजावर आली की बीजांड आपसूक सुटते. मांजरीचे तसे नाही. बोका लागला की त्या उत्तेजनाने मेंदूकडून संप्रेरकाची लाट निघते आणि मग बीजांड सुटते. बोका मिळाला नाही तर बहुधा माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हजर होतो. रात्रभर वाडा डोक्यावर घेणारे तिचे ते ओरडणे मांजर पाळणाऱ्याला नव्याने सांगायला नको. बीजांड सुटले की अंडाशयात त्याच्या जागी पिवळसर पेशींचा पुंजका तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतो. गर्भ राहिला तर हा स्राव साधारण नऊ आठवडे, म्हणजे व्येईपर्यंत चालतो. गर्भ राहिला नाही तरीही तो जवळजवळ सहा आठवडे टिकतो. शरीर समजते, आपण गाभण आहोत.

प्रोजेस्टेरॉनचे काम चोख असते. गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथी वाढवायच्या, त्यांच्याकडून पोषक रस पाझरवून घ्यायचा, स्नायूंचे आकुंचन थोपवायचे, गर्भाशयाचे तोंड मिटून ठेवायचे. शिवाय अर्धा परका असलेला गर्भ शरीराने हाकलून लावू नये म्हणून तिथला पांढऱ्या पेशींचा पहाराही ढिला करायचा. गर्भासाठी याहून चांगली सोय नाही. जंतूंसाठीही नाही. मांजरीच्या स्वतःच्या आतड्यातला ई. कोलाय माजाच्या दिवसांत उघड्या तोंडातून वर चढतो आणि त्या ऊबदार, रसाळ, पहारा नसलेल्या पोकळीत वाढतो. फुकट गेलेला प्रत्येक फेरा अस्तर थोडे आणखी जाड करतो, ग्रंथी फुगून त्यांच्या गाठी होतात आणि पुढच्या फेऱ्यात जंतूंची आणखी सोय होते. गर्भाशयात पू साठण्याच्या या आजाराला पायोमेट्रा म्हणतात.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो कसा दिसतो, तेही आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा पाहावे. न व्यालेल्या निरोगी मांजरीच्या गर्भाशयाची दोन शिंगे बॉलपेनच्या रिफिलएवढी बारीक असतात, फिकट गुलाबी. पायोमेट्रात हीच शिंगे माणसाच्या बोटाहून जाड होतात, ठिकठिकाणी फुगतात, गुंडाळ्या होऊन पोट व्यापतात. भिंत इतकी ताणलेली असते की आतला पिवळा-तपकिरी पू बाहेरून कळतो. तिला चिमटा लावताना सर्जनचा हात जपून चालतो. भिंत फाटली तर तो सगळा पू पोटात सांडणार. अंडाशयांसकट सगळे गर्भाशय काढले, सलाइन आणि प्रतिजैविके वेळेवर मिळाली, तर मांजर काही दिवसांत उठून खायला लागते. वेळ चुकली तर विष रक्तात भिनते.

आणि वेळ चुकायला मांजरच मदत करते. कुत्रीच्या बाबतीत निदान फरशीवर डाग दिसतो, ती पाणी ढसाढसा पिताना दिसते. मांजर स्वतःला चाटून साफ ठेवते. गर्भाशयाचे तोंड मिटलेले असले तर चाटायलाही काही बाहेर येत नाही. ती थोडी कमी खाते, कपाटाखाली बसून राहते, पोट थोडे गोल दिसते. घरातले म्हणतात, उन्हाळा आहे, होतं असं. घरात माणसांच्या डोळ्यांसमोर राहणाऱ्या प्राण्याची ही गत. उसाच्या फडात राहणाऱ्या मादीत हा आजार कुणाला दिसणार?

मांजरींमध्ये त्याचे प्रमाण किती, याचे चांगले उत्तर स्वीडनकडे आहे. तिथे पाळीव प्राण्यांचा विमा काढायची पद्धत जुनी आहे आणि निरोगी प्राण्याची सरसकट नसबंदी करण्याचा रिवाज तितकासा रुळलेला नाही, त्यामुळे विम्याच्या नोंदीच आजाराचा नकाशा होतात. उप्साला इथल्या कृषी विद्यापीठातल्या राग्नवी हागमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ ते २००६ या काळातले विम्याचे दावे तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा हजार मांजरी वर्षभर सांभाळल्या तर साधारण १७ जणींना पायोमेट्रा. निदानावेळचे मध्यक वय फक्त चार वर्षे. आजारी पडलेल्यांपैकी ५.७ टक्के दगावल्या. आणि स्फिंक्स या केसविरहित जातीत हेच प्रमाण दहा हजारांमागे ४३३ इतके निघाले. एकाच प्रजातीत, नुसती जात बदलली तर पंचवीसपट फरक! बिबट म्हणजे मोठी मांजरच, तिचे आकडे यालाही चालतील, असे कुणी मीटिंगमध्ये म्हणाले तर हा फरक त्यांना दाखवावा.

आता औषधांकडे. मांजरीचा माज थांबवायचा सोपा रस्ता म्हणून अनेक देशांत प्रोजेस्टेरॉनच्या कृत्रिम भावंडांचा वापर झाला: मेजेस्ट्रॉल अ‍ॅसिटेटच्या गोळ्या, मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन. माज थांबतो, पिल्ले होत नाहीत, टाके घालावे लागत नाहीत. पण शरीराला ही औषधे प्रोजेस्टेरॉनच वाटतात, आणि वर वर्णन केलेला सगळा खेळ गर्भाशयात औषधाच्या जोरावर लांबत जातो. सडांच्या गाठी, स्तनांची अवाजवी वाढ, मधुमेह आणि पायोमेट्रा हे त्यांचे जगभरच्या पशुवैद्यकांना ठाऊक असलेले दुष्परिणाम आहेत. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन आपल्याकडे स्त्रियांसाठी ‘अंतरा’ या नावाने २०१७ पासून सरकारी कुटुंबनियोजनात आहे. स्त्रियांवर ते दीर्घकाळ अभ्यासले गेले आहे. मांजरीच्या गर्भाशयाला मात्र त्या अभ्यासाचा फायदा नाही.

घरच्या मांजरीचा प्रश्न पशुवैद्यकांनी शेवटी शस्त्रक्रियेने सोडवला. अंडाशये काढली की प्रोजेस्टेरॉन नाही आणि पायोमेट्राही नाही. शस्त्रक्रिया लवकर केली तर आणखी एक लाभ होतो: सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरीत स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी घटतो, वर्षाच्या आत केली तर ८६ टक्क्यांनी, आणि दोन वर्षे उलटल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचा या बाबतीत उपयोग दिसला नाही, असे अमेरिकेतल्या २००५च्या अभ्यासात आढळले. मांजरीच्या स्तनांतल्या दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या निघतात, हे लक्षात घेतले तर या टक्केवारीचे वजन कळते.

मोठ्या मार्जारांची गोष्ट याहून बोलकी आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकी प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांची पैदास इतकी चांगली व्हायला लागली की पिंजरे कमी पडू लागले. तेव्हा युलिसिस सील यांच्या गटाने मेलेनजेस्ट्रॉल अ‍ॅसिटेट हे औषध भरलेली सिलिकॉनची कांडी सिंहिणीच्या त्वचेखाली बसवून पाहिली आणि १९७६ मध्ये त्याबद्दल लिहिले. औषध मुळात गोठ्यातले: मांसासाठी वाढवलेल्या कालवडींचा माज दाबायला अमेरिकेत ते खाद्यातून देतात. एक कांडी, एक छोटा छेद, आणि दोन वर्षे काळजी नाही. व्यवस्थापकांना आणखी काय हवे होते? वाघिणी, सिंहिणी, बिबट माद्या, जग्वार, सगळ्यांना कांड्या बसल्या आणि पिल्ले थांबली. प्रयोग यशस्वी झाला असे त्या वेळी कुणीही म्हटले असते, कारण यश मोजायची पट्टी एकच होती: पिल्ले झाली का?

दुसरी पट्टी आणली ती विकृतिशास्त्रज्ञांनी. १९९१ मध्ये कांडी बसवलेल्या एका बंगाल वाघिणीच्या गर्भाशयाच्या अस्तरात कर्करोग सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लिंडा मन्सन यांनी मग वर्षानुवर्षे एक कंटाळवाणे वाटणारे काम चिकाटीने केले. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांना त्यांचे सांगणे असे: मादी मेली किंवा तिची शस्त्रक्रिया झाली की गर्भाशय आणि अंडाशये फॉर्मेलिनमध्ये टाका आणि सोबत एका कागदावर तिला कोणते गर्भनिरोधक, किती काळ दिले ते लिहून पाठवा. बरण्या जमत गेल्या. काचपट्ट्यांवर दिसू लागले ते एकसारखे होते: अस्तर बेसुमार जाड, ग्रंथींच्या गाठी, काही ठिकाणी चक्क कॅल्शियमचे खडे. २००२ मध्ये त्यांच्या गटाने हे सविस्तर मांडले. कांडी बसवलेल्या माद्यांत असा बिघाड अधिक आणि अधिक गंभीर होता. दरम्यान १९९६ च्या आणखी एका अभ्यासाने या औषधांचा संबंध बंदिस्त मार्जारांच्या स्तनकर्करोगाशीही जोडला होता. त्यानंतर तिथली संग्रहालये वाघ-सिंहिणींसाठी हळूहळू दुसऱ्या औषधांकडे वळली. बरण्या पाठवायची पद्धत मन्सन यांच्या निधनानंतरही चालू आहे.

त्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, आणि जुन्नरसाठी ती जास्त महत्त्वाची आहे. ज्या माद्यांना कोणतेही औषध कधी दिले नव्हते, अशा काही माद्यांच्या गर्भाशयातही बिघाड होता, फक्त सौम्य. पिंजऱ्यात एकटी राहिलेली, वर्षानुवर्षे न व्यालेली मादी फुकट फेरे काढत राहते. सिंह आणि बिबट यांच्यात तर नर नसतानाही बीजांड सुटल्याचे संशोधकांनी रक्तातल्या संप्रेरकांवरून नोंदवले आहे. म्हणजे मांजरीचा जो नियम म्हणून सांगितला जातो, त्याला बिबट मादी अपवाद करते. तिला प्रोजेस्टेरॉनचे फेरे काढायला नराचीही गरज नाही. बंदिवासातल्या मोठ्या मार्जारांतल्या पायोमेट्राच्या अकरा रुग्णांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आजार संग्रहालयांच्या पशुवैद्यकांना आता नवा राहिलेला नाही.

उसातली बिबट मादी यापासून आजवर वाचली आहे ती एका साध्या कारणाने. ती सतत कामात असते. तीनेक महिने गाभण, मग पिल्लांना दूध, मग वर्ष-दीड वर्ष पिल्ले सोबत. रिकामे फेरे तिच्या आयुष्यात थोडे. गर्भनिरोधन म्हणजे नेमके हे रिकामे फेरे तिच्या वाट्याला आणणे, निदान काही पद्धतींत तरी. म्हणून पद्धत कोणती, या एका प्रश्नावर सगळे ठरते.

बातम्यांमध्ये ‘इम्युनोकॉन्ट्रासेप्शन’, म्हणजे लशीने गर्भनिरोधन, असा शब्द आहे. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. पहिली लस डुकराच्या बीजांडाच्या आवरणापासून बनते. मादीचे शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि शुक्रजंतू बीजांडात शिरू शकत नाही. अमेरिकेतल्या असाटीग बेटावरच्या रानटी घोड्यांवर आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हत्तिणींवर तिने उत्तम काम केले आहे. मार्जारांवर नाही. घरच्या मांजरींना ही लस दिली तेव्हा प्रतिपिंडे भरपूर तयार झाली, पण ती मांजरीच्या बीजांडाला चिकटलीच नाहीत आणि मांजरी गाभण राहिल्या. संग्रहालयांतल्या मोठ्या मार्जारांवर झालेल्या चाचणीत माद्या चिडचिड्या झाल्या, सुया टोचल्या तिथे सूज आली, आणि संशोधकांनी ती वापरू नये असेच सुचवले. समजा ती लागू पडली, तरी अंडाशये चालूच राहतात. मादी पुन्हा पुन्हा माजावर येणार, नर पुन्हा पुन्हा येणार, बीजांड सुटणार, गर्भ राहणार नाही आणि प्रोजेस्टेरॉन मात्र प्रत्येक वेळी आपले काम करणार. गर्भाशयाच्या आजाराची याहून सोयीची तयारी कुणी मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही. शिवाय वारंवार माजावर येणारी मादी नरांना आपल्या टापूत खेचते, आणि तो टापू म्हणजे गावालगतचा ऊस असतो.

दुसरी लस मेंदूतल्या जीएनआरएच या संप्रेरकाविरुद्ध असते. ती लागू पडली तर अंडाशयच झोपते. माज नाही, बीजांड नाही, प्रोजेस्टेरॉन नाही. गर्भाशयाच्या दृष्टीने हीच वाट बरी. पण तिची खात्री किती? फ्लोरिडात १५ मांजरींना अशी लस एकदाच दिली, तेव्हा पहिल्या वर्षी ९३ टक्के जणी वांझ राहिल्या, दुसऱ्या वर्षी ७३, तिसऱ्या वर्षी ५३, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी २७ टक्के. पाच मांजरींना दोन वर्षांनी टोचल्या जागी गाठी आल्या. हे २०११ चे. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत वीस मांजरींपैकी वर्षअखेर फक्त ३० टक्के जणी गाभण न राहता टिकल्या. एकच लस, एकच प्रजाती, आणि पहिल्या वर्षाचा निकाल ९३ विरुद्ध ३०. पाच बिबट माद्यांवर ती वापरून काय निष्कर्ष निघेल, याचा अंदाज आधीच बांधून ठेवायला हवा.

तिसरा पर्याय डेस्लोरेलिनच्या कांडीचा. ती आधी अंडाशयाला डिवचते, माज आणते, मग त्याला दीर्घकाळ गप्प बसवते. दक्षिण आफ्रिकेतल्या छोट्या अभयारण्यांत सिंहिणींवर ती वापरली गेली आहे आणि तिचा परिणाम दोन-अडीच वर्षे टिकल्याचे नोंदवले आहे. सुरुवातीचा तो माज टाळायला थोडे दिवस मेजेस्ट्रॉल द्यायची पद्धत आहे, आणि इथेही जपून वागावे लागते. चौथा पर्याय शस्त्रक्रियेचा. त्यात नळ्या बांधल्या तर अंडाशये आणि गर्भाशय जागेवरच राहतात, म्हणजे रिकामे फेरे चालूच. नराची नसबंदी केली तरी तेच: मिलन होते, बीजांड सुटते, गर्भ राहत नाही. अंडाशये काढली तरच गर्भाशयाला खरी विश्रांती मिळते, पण त्यासाठी जंगली मादीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवावे लागते आणि तिची पिल्ले तेवढे दिवस उसात एकटी राहतात. २०२३ मध्ये अमेरिकेत एएमएच संप्रेरकाचे जनुक टोचलेल्या सहा मांजरींना दोन वर्षांत एकही पिल्लू झाले नाही, ही आशादायक बातमी आहे. पण सहा घरगुती मांजरींवरून बिबट्याकडे उडी मारण्याइतका तो अभ्यास जुना झालेला नाही.

भारतीय वन्यजीव संस्थेला केंद्राने याआधी हत्ती, रानडुक्कर, माकड आणि नीलगाय यांच्या गर्भनिरोधनाच्या संशोधनाचे काम दिले होते. त्या यादीत मार्जार एकही नाही. जुन्नरला तयार देशी अनुभव हाताशी नाही, म्हणून परदेशी मांजरींचे हे निकाल इथे इतक्या तपशिलाने सांगावे लागले.

आता नेमके मागणे.

पहिले, प्रोजेस्टेरॉनसारखी कोणतीही औषधे, गोळी असो, इंजेक्शन असो वा कांडी, राज्यातल्या बिबट मादीला गर्भनिरोधक म्हणून देऊ नयेत, असा लेखी आदेश आजच काढावा. डेस्लोरेलिनसोबतचे थोड्या दिवसांचे औषध हा एकच अपवाद, तोही पशुवैद्यकाच्या कारणमीमांसेसह. हा आदेश माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रालाही लागू असावा. तिथे अनेक बिबट आयुष्यभर राहणार आहेत, त्यांना पुन्हा जंगलात सोडायचे नाही. तिथल्या माद्यांसाठी अंडाशये काढण्याची शस्त्रक्रिया हा सरळ मार्ग आहे, आणि काढलेले प्रत्येक गर्भाशय तपासणीला गेले तर पाच जंगली माद्या वर्षानुवर्षे जे सांगू शकणार नाहीत ते तिथून काही महिन्यांत कळेल.

दुसरे, सोनोग्राफी. मादीला डार्ट मारून बेशुद्ध केले की रेस्क्यू टीमकडे साधारण पाऊण-एक तास असतो. त्यात वजन होते, दात पाहतात, रक्त काढतात, चिप बसवतात, गरज असली तर कॉलर. त्याच वेळात हातात मावणाऱ्या सोनोग्राफी यंत्राने गर्भाशय पाहता येते. मादी गाभण आहे का, हेही तेव्हाच कळते, आणि गाभण मादीला चुकून लस टोचली जाण्याची वेळ येत नाही. औषध देण्याआधीचे चित्र आणि पुढच्या प्रत्येक पकडीवेळचे चित्र एकाच मायक्रोचिप क्रमांकाखाली साठवावे. चिपची पद्धत जुन्नरला नवी नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया यांच्या गटाने जुन्नर-अकोले भागातल्या बिबट्यांवर केलेल्या कामामुळे ती इथल्या वनकर्मचाऱ्यांना चांगली माहीत आहे.

तिसरे, आणि हे सर्वांत स्वस्त आहे. राज्यात दर वर्षी बिबट माद्या रस्त्यावर वाहनाखाली मरतात, विहिरीत पडून मरतात, आजाराने मरतात. प्रत्येकीचे शवविच्छेदन होते. मृत्यूचे कारण लिहिले जाते, दात-नखे-कातडी मोजून, पंचनामा करून नष्ट केली जाते. त्याच टेबलावर गर्भाशय, दोन्ही अंडाशये आणि स्तनग्रंथींचे तुकडे दहा टक्के फॉर्मेलिनच्या बरणीत टाकायला दहा मिनिटे लागतात. शवविच्छेदनाच्या अर्जात त्यासाठी एक रकाना हवा. बरण्या कुठे पाठवायच्या, हाही प्रश्न नाही: शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिन्ही नागपूरच्या एकाच विद्यापीठाखाली येतात. औषध न मिळालेल्या शंभर माद्यांची गर्भाशये आज पाहिली नाहीत, तर उद्या औषध मिळालेल्या मादीचे गर्भाशय बिघडलेले सापडल्यावर ते औषधाने बिघडले की वयाने, हे कोणत्याही तज्ज्ञाला सांगता येणार नाही. मन्सन यांनाही तुलनेसाठी औषध न मिळालेल्या माद्या लागल्याच होत्या.

चौथे, गावांना खरे सांगावे. बिबट दहा-बारा वर्षे जगतो. पाच माद्यांना पिल्ले झाली नाहीत म्हणून पुढच्या हिवाळ्यात पिंपरखेडच्या बांधावरचा बिबट नाहीसा होणार नाही. अंगणातला दिवा, ऊसतोडीच्या वेळची दक्षता, रात्रीच्या पाण्याऐवजी दिवसा शेतीला वीज, पिंजरा लावणारी आणि तातडीने पोचणारी टीम, हीच कामे माणसे वाचवणार आहेत. गर्भनिरोधनाला ‘सुरक्षेचा उपाय’ म्हणून ग्रामसभेत मांडले आणि दोन वर्षांनी कुणी मेले, तर लोकांचा विश्वास उडेल आणि चांगला प्रयोगही अर्ध्यावर गुंडाळावा लागेल.

शेवटचे, अहवाल. बिबट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. त्याच्यावर होणारा प्रयोग हा सार्वजनिक प्रयोग आहे. कोणती लस, कोणत्या मात्रेत, कोणत्या मादीला, तिच्या गर्भाशयाचे आधीचे आणि नंतरचे चित्र काय, किती माद्यांना टोचल्या जागी गाठी आल्या, किती जणी तरीही व्याल्या, हे सगळे दर सहा महिन्यांनी मराठीत प्रसिद्ध करावे. त्याची एक प्रत जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांतल्या बाधित ग्रामपंचायतींना पाठवावी आणि एक परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. पहिल्या सहामाही अहवालाची तारीख पहिल्या मादीला लस टोचण्याआधीच जाहीर करावी.

कळावे.

राज्यातील एक नागरिक